फसवून मिळवलेला होकार : प्रस्तावना

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर 'लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार' अशा मथळ्याची बातमी वरचेवर असते. सहा-सात ओळींची. मुलीचं वय, तालुका, पोलीस ठाणं, लागलेली कलमं. ती वाचून दोन ठरलेली मतं निघतात. "दोन वर्षं राजीखुशीनं राहिली, मग आता बलात्कार कसा?" हे एक. "असल्यांना फासावरच द्यायला हवं" हे दुसरं. त्या दोन वर्षांत दोघांमध्ये काय बोलणं झालं, कुणी काय दडवलं, कुणाच्या घरच्यांनी मोडता घातला, यातलं काहीच बातमीत नसतं आणि मत द्यायला ते कुणाला लागतही नाही. न्यायाधीशाला मात्र ते शोधावंच लागतं. तिनं होकार दिला होता का, एवढ्यावर त्याचं भागत नाही. कशाला दिला होता, काय समजून दिला होता आणि ती समजूत समोरच्यानं जाणूनबुजून करून दिली होती का, हेही त्याला ठरवावं लागतं. हे पुस्तक त्याविषयी आहे.

बळजबरी झाली की काय वाईट घडलं हे निदान तोंडदेखलं तरी सगळे मान्य करतात. फसवणुकीत तसं होत नाही, कारण तिथं होकार असतो आणि बहुतेक वेळा प्रेमही असतं. शिवाय खोटं एका जातीचं नसतं. अंधारात नवरा असल्याचं भासवणारा तोतया असतो. खोटा विवाह लावून संसार थाटणारा असतो. पहिली बायको गावाकडे ठेवून शहरात दुसरीला 'मी एकटाच' म्हणून सांगणारा असतो. आजार लपवणारा असतो, ठरलेलं असताना निरोध गुपचूप काढून टाकणारा असतो, नसबंदी झाली आहे अशी थाप मारणारा असतो. वय, पगार, शिक्षण, जात, धर्म यांबद्दल खोटं बोलणारे तर असंख्य. आणि नुसतं 'तुझ्यावर जीव आहे' म्हणून वेळ मारून नेणारेही. यातल्या कोणत्या खोट्याला बलात्कार म्हणायचं, कोणत्याला वेगळा आणि कमी शिक्षेचा गुन्हा मानायचं आणि कोणतं खोटं कितीही नीच असलं तरी तुरुंगाच्या बाहेर ठेवायचं?

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना वाचकाला ते तपासता येईल. भारतीय न्यायव्यवहारानं या सगळ्या खोट्यांमधून एकच खोटं उचलून धरलं, ते लग्नाचं. फसवली गेलेली बाई होणारी नवरी असेल तर कायदा तिचं ऐकून घेतो. स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेणारी माणूस म्हणून ती उभी राहिली तर तिच्यासाठी आपल्याकडे फारच थोडं आहे. याची किंमत बायका मोजतात, आणि ज्यांनी खरोखर शब्द दिला होता पण जो निभावता आला नाही असे पुरुषही मोजतात.

मराठी मुलखात हा विषय कायद्याच्या पुस्तकातून आला नाही. शब्द देऊन फिरवणाऱ्या पुरुषाचं काहीच बिघडत नाही आणि गरोदर राहिलेल्या विधवेला मात्र विहीर जवळ करावी लागते, हे १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच. फुल्यांनी फसलेल्या बाईला तिची कहाणी विचारली नाही, तिला बाळंतपणासाठी जागा दिली. १८८१ मध्ये सुरतेतल्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. बाईला मोहात पाडणारा, वचनं देणारा आणि वेळ आली की पाठ फिरवणारा पुरुष त्या पुस्तकात पहिल्यांदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आजच्या कायद्यात फसवणुकीची जी कलमं आहेत त्यांच्या मुळाशी कोणता अनुभव आहे हे समजून घ्यायचं असेल तर ताराबाईंपासून सुरुवात करावी, असं मी नव्या वकिलांना नेहमी सांगते.

त्याच दशकात रखमाबाईंचा खटला मुंबई उच्च न्यायालयात गाजला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाला आपली संमती नव्हती, म्हणून नांदायला जाणार नाही, असं ही तरुणी म्हणत होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि ती पुढे डॉक्टर झाली. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारावर गेली, तेव्हा टिळकांसह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. हा इतिहास शाळेत शिकवला जातो, पण सामाजिक सुधारणेचा एक धडा म्हणून. बाईच्या होकाराला कायद्यात स्वतंत्र किंमत आहे की नाही, हा त्या भांडणाचा गाभा होता, आणि तो धडा तिथवर पोहोचत नाही.

कायद्याच्या अंगानं पाहिलं तर १८६० ची भारतीय दंडसंहिता तिच्या काळाच्या मानानं पुढे होती. कलम ३७५ मध्ये पहिल्यापासून एक चौथा प्रकार होता: आपण तिचा नवरा नाही हे पुरुषाला माहीत आहे आणि ती त्याला नवरा समजूनच संमती देते आहे, तर तो बलात्कार. इंग्लंडमध्ये १८६८ च्या बॅरो खटल्यात अर्धवट झोपेतल्या बाईला नवरा असल्याचं भासवणारा पुरुष सुटला होता. तिथं कायदा बदलायला १८८५ उजाडावं लागलं. आपल्या संहितेत शिवाय कलम ९० होतं. भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते कळत असेल तर, संमतीच नव्हे असं ते सांगतं. कलम ४९३ होतं, कायदेशीर लग्न झाल्याचा विश्वास कपटानं निर्माण करून सहवास करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं. आणि कलम ४१५ मधल्या फसवणुकीच्या व्याख्येत मालमत्तेबरोबर शरीर, मन आणि लौकिक यांना होणारी हानीही होती. एवढी साधनं हाताशी असताना आपण ती वापरली मात्र फार थोडी.

ती वापरली गेली तेव्हाचं एक उदाहरण विसरून गेल्यासारखं झालं आहे. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध रखमा' हा खटला आला. वर सांगितलेल्या रखमाबाईंशी त्याचा संबंध नाही. एका वेश्येनं उपदंशाचा आजार असताना गिऱ्हाइकाला संसर्ग दिला, असा आरोप होता. संसर्ग पसरवण्याच्या कलमाखाली न्यायालयानं तिला दोषी धरलं नाही, कारण रोग लागला तो त्या पुरुषाच्या स्वतःच्या कृतीतून. आपण निरोगी आहोत असं खोटं सांगून तिनं त्याला राजी केलं असेल तर फसवणुकीचा खटला चालू शकतो, एवढं मात्र न्यायालयानं सुचवलं. आजार दडवून मिळवलेल्या होकाराला आपल्या कायद्यानं इतक्या लवकर फसवणुकीच्या चौकटीत बसवून पाहिलं होतं. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, इंग्लंडमधल्या क्लॅरन्स खटल्यात नवऱ्यानं बायकोला परम्याची लागण केली आणि तो सुटला. मुंबईतली बाई वेश्या होती आणि फसलेला पुरुष, तर लंडनमध्ये फसलेली बाई बायको होती, हा फरक वाचकानं लक्षात ठेवावा.

इंग्रजी कायदा शंभरेक वर्षं एकाच कसोटीवर चालला: कृत्य काय आहे आणि माणूस कोण आहे, या दोनच बाबतींतलं खोटं संमती मोडतं. बाजारात दुकान मांडून उपचार करणाऱ्या भोंदूनं 'शस्त्रक्रिया' म्हणून मुलीवर केलेला बलात्कार १८७७ मध्ये बलात्कारच ठरला. गाण्याच्या शिक्षकानं 'श्वास सुधारेल' म्हणून केलेला १९२३ मध्ये तसाच ठरला. या मुलींना कृत्य कसलं आहे हेच कळलेलं नव्हतं. कृत्य कळलं, माणूस ओळखीचा आहे, पण बाकी सगळं खोटं, अशा ठिकाणी ही कसोटी हात वर करायची.

ऑस्ट्रेलियातला १९५७ चा पापादिमित्रोपुलोस खटला मला यातला सर्वांत बोलका वाटतो. ग्रीसहून आलेली तरुणी, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तो तिला नोंदणी कार्यालयात घेऊन गेला. तिथं त्यांनी लग्न करण्याच्या इराद्याची नोटीस तेवढी दिली. बाहेर आल्यावर त्यानं तिला सांगितलं, आपलं लग्न झालं. ती त्याच्याबरोबर राहायला गेली आणि थोड्याच दिवसांत तो निघून गेला. खालच्या न्यायालयानं त्याला बलात्काराबद्दल दोषी धरलं. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं सोडलं: कृत्य कसलं हे तिला माहीत होतं, माणूसही तोच होता, खोटं होतं ते नात्याच्या कायदेशीर दर्जाबद्दल. कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलीच्या दृष्टीनं पाहिलं तर हा भेद किती पोकळ आहे ते दिसतं. लग्न झालं म्हणूनच ती गेली. आपल्याकडे हीच घटना घडली असती तर कलम ४९३ थेट लागलं असतं.

भारतात संमतीची चर्चा तोवर निराळ्या खाचेत अडकली होती. १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. पीडितेचं नाव छापायला कायद्यानं पुढे बंदी आली, पण हा खटला देशभर तिच्याच नावानं ओळखला जातो. मी तो गावाच्या नावानं लिहिते. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि मुकाट सहन करणं म्हणजे संमती नव्हे असं बजावलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतलं अंतर त्यांनी इतकं स्वच्छ मांडलं की १९८३ ची दुरुस्ती त्यातून निघाली. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीनंतर संमतीची व्याख्याच कायद्यात आली: निःसंदिग्ध, स्वेच्छेनं, शब्दांतून किंवा हावभावांतून व्यक्त झालेली, आणि प्रतिकार केला नाही म्हणून गृहीत न धरता येणारी. देसाईगंजपासून इथवर यायला चाळीस वर्षं लागली. पण हा सगळा प्रवास बळजबरीच्या बाजूचा होता. खोट्याच्या बाजूला २०१३ च्या दुरुस्तीनं जवळपास हातच लावला नाही.

ती बाजू न्यायालयांनी खटल्याखटल्यातून घडवली, आणि ते खटले जवळजवळ सगळे लग्नाच्या वचनाचे. १९८० च्या दशकात कलकत्ता उच्च न्यायालयानं म्हटलं की पुढे कधीतरी लग्न करीन हे वचन मोडणं म्हणजे वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज नव्हे. २००३ मध्ये 'उदय विरुद्ध कर्नाटक राज्य' मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. मुलगी एकोणीस वर्षांची, दोघं वेगवेगळ्या जातींची, घरचे लग्नाला आडवे येणार हे तिला ठाऊक होतं, असं न्यायालय म्हणालं. पुढे दिलीप सिंग आणि दीपक गुलाटी या निकालांनी आजची भेदरेषा आखली: पहिल्यापासून खोटं असलेलं वचन वेगळं आणि मनापासून दिलेलं पण न पाळलेलं वचन वेगळं. एप्रिल २०१९ मध्ये छत्तीसगडच्या प्रकरणात दोषसिद्धी कायम राहिली, कारण वचन देतानाच आरोपीचं लग्न दुसरीकडे ठरत होतं आणि हे त्यानं लपवलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांनी महाराष्ट्रातून गेलेलं पवार प्रकरण निकाली काढलं. ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. दोघं शिकलेली, दोघं सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर, ओळख १९९८ पासूनची. २००८ मध्ये त्यानं लग्नाचा शब्द दिला असं तिचं म्हणणं. ती अनुसूचित जातीची. पुढे त्यानं जातीचा प्रश्न काढला, वाद झाले, तरी नातं चालू राहिलं. २०१६ मध्ये त्यानं दुसरीशी लग्न केलं आणि तिनं फिर्याद दिली. न्यायालयानं दोन कसोट्या सांगितल्या: वचन देतानाच ते पाळायचा हेतू नसला पाहिजे, आणि त्या खोट्या वचनाचा तिच्या संबंधाच्या निर्णयाशी थेट संबंध असला पाहिजे. या कसोट्यांवर फिर्याद रद्द झाली. कायदा म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो. पण त्यात एक गोष्ट कायद्याच्या हाती लागलीच नाही. आठ वर्षं जिच्याशी नातं ठेवलं तिची जात लग्नाच्या वेळी अडचण झाली. संबंधांना न आडवी येणारी जात लग्नालाच कशी आडवी येते, हा प्रश्न अशा कितीतरी खटल्यांच्या कागदपत्रांत पडून असतो. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेग्यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांचं म्हणणं वेगळं का असतं हे मांडलं होतं. लैंगिक फसवणुकीवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते या खटल्यांशेजारी ठेवून वाचायला हवं.

पत्रकार रुक्मिणी एस. यांनी २०१४ मध्ये 'द हिंदू'साठी दिल्लीच्या सत्र न्यायालयांतल्या बलात्काराच्या निकालांचा अभ्यास केला. पूर्ण सुनावणी झालेल्या प्रकरणांपैकी जवळपास चौथा हिस्सा लग्नाच्या मोडलेल्या वचनाचा निघाला. या आकड्यावरून बायका खोटं बोलतात असा निष्कर्ष काढायला अनेकजण टपलेले होते. मला त्यातून दुसरं दिसतं. फिर्याद देणाऱ्या बाईवर खरोखर अन्याय झालेला असतो, पण पोलीस ठाण्यात गेल्यावर तिच्या दुःखाला बसेल असं एकच मोठं कलम समोर येतं. २०१८ पासून त्या कलमाची किमान शिक्षा दहा वर्षं झाली. एका बाजूला दहा वर्षांची सक्तमजुरी, दुसऱ्या बाजूला निर्दोष सुटका. मध्ये काही नाही. माझ्या मते अनेक न्यायाधीश सुटकेकडे झुकले त्याचं हेही एक कारण आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं ती मधली जागा भरायचा प्रयत्न केला. कलम ६९ हा स्वतंत्र गुन्हा आहे: कपटानं, किंवा पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन, बलात्कारात न मोडणारा शरीरसंबंध, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. कपटात नोकरीचं किंवा बढतीचं खोटं आश्वासन आणि ओळख लपवून केलेलं लग्न यांचाही समावेश आहे. बलात्कारापासून हा गुन्हा वेगळा काढला हे चांगलं झालं. नोकरी-बढतीचं आमिष घातलं हेही. पण लग्न पुन्हा केंद्रस्थानी आलं. निरोध काढून टाकणं, आजार लपवणं, नसबंदीची थाप यांचा शब्दानं उल्लेख नाही. आणि ओळख म्हणजे काय, याची व्याख्या नाही. आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवायला डिसेंबर २०२२ मध्ये समिती नेमणाऱ्या महाराष्ट्रात या शब्दाचा वापर कुणाविरुद्ध होईल याची काळजी वाटावी अशी परिस्थिती आहे. स्वतःच्या मर्जीनं धर्माबाहेर लग्न करणाऱ्या सज्ञान मुलीचे आईवडीलच तिच्या नावानं या कलमाकडे धाव घेतील आणि तिचा होकार तिच्याच हातातून काढून घेतला जाईल. फसवणुकीविरुद्धचं कलम असं वापरलं गेलं तर ते संमतीच्याच मुळावर येईल.

जेरुसलेममधल्या २०१० च्या एका निकालाची इथं आठवण ठेवावी. अरब पुरुषानं आपण ज्यू असल्याचं भासवलं म्हणून त्याला फसवणुकीनं केलेल्या बलात्काराबद्दल शिक्षा झाली. प्रकरण मुळात बळजबरीच्या तक्रारीचं होतं आणि दोन्ही पक्षांच्या तडजोडीतून त्याला हे रूप आलं. पण निकालाचा जगानं घेतलेला अर्थ एवढाच होता, की तुमचा वंश सांगितला नाहीत तर तुम्ही गुन्हेगार. जो समाज माणसांना जातीधर्मावरून आधीच हिणवतो तिथं जातीधर्म न सांगण्याला गुन्हा करणं म्हणजे त्या हिणवण्याला कायद्याचं बळ देणं.

तत्त्वचिंतकांमध्ये या विषयावर तीव्र मतभेद आहेत. इंग्लंडचे जोनाथन हेरिंग यांनी २००५ मध्ये एक टोक गाठलं: खरं कळलं असतं तर जिनं होकार दिला नसता तिच्याशी, हे ठाऊक असूनही, ठेवलेला संबंध संमतीविनाच समजावा. टॉम डॉगर्टी यांनी २०१३ मध्ये नैतिक बाजूनं असंच म्हटलं: जे खोटं समोरच्याच्या लेखी निर्णायक आहे ते क्षुल्लक वाटलं तरी गंभीर अन्याय करतं. त्याच वर्षी येल विद्यापीठाचे जेड रुबेनफेल्ड यांनी हेच सूत्र उलटं फिरवलं. लैंगिक स्वायत्तता हे बलात्काराच्या कायद्याचं मूळ असेल तर प्रत्येक थाप बलात्कार ठरेल. ते कुणालाच मान्य नाही, मग मूळच चुकीचं धरलं आहे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी शरीरावरच्या ताब्याकडे आणि पर्यायानं बळाकडे परत जायचं सुचवलं. तर्क धारदार आहे, पण त्याची किंमत फसलेली बाई चुकवते. ओनोरा ओनील यांनी १९८५ मध्ये कांटच्या वाटेनं जाऊन दाखवलं की फसवणूक ही जबरदस्तीसारखीच समोरच्याला साधन म्हणून वापरते. आणि कॅथरीन मॅकिनन यांचा आक्षेप या सगळ्यांच्या आधीचा आहे: जिथं बाई आणि पुरुष मुळातच समान नाहीत तिथं 'होकार' हा शब्द कितीसा भरवशाचा? आपल्याकडे लग्न हाच बाईच्या प्रतिष्ठेचा आणि पोटापाण्याचा आधार असतो, तोवर लग्नाच्या वचनाला एवढं वजन का येतं हे मॅकिनन यांच्या प्रश्नाशिवाय कळत नाही.

या वादांना दिशा देणारे निकाल अलीकडे कॅनडातून आले आहेत. २०२२ च्या कर्कपॅट्रिक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की निरोध वापरायची अट घातली असेल तर निरोधासह आणि निरोधाविना या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि एकीला दिलेला होकार दुसरीला लागू होत नाही. कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये हीच गोष्ट दिवाणी मार्गानं केली, म्हणजे तुरुंगाऐवजी भरपाई. उलट इंग्लंडमध्ये २०२० मध्ये नसबंदीची थाप मारणारा सुटला. सारख्या फसवणुकीला तीन देशांत तीन उत्तरं मिळतात.

मला स्वतःला रेषा कुठं ओढावीशी वाटते? खोटं कृत्याबद्दल, शरीराला होणाऱ्या धोक्याबद्दल किंवा तो माणूस नेमका कोण याबद्दल असेल, तर फौजदारी कायद्यानं मध्ये पडावं. आजार, गर्भधारणा, निरोध, तोतयेगिरी आणि दडवलेलं आधीचं लग्न हे सगळं यात येतं. लग्नाचं वचन देतानाच ते खोटं होतं असं पुराव्यानं दिसलं तर कलम ६९ सारखा वेगळा गुन्हा असावा. जात, धर्म, पगार, वय, प्रेमाची खोटी ग्वाही यांत फौजदार नको, त्या खोट्यानं मनाला घरं पडली तरीही. अन्याय तिथंही असतो. पण तुरुंग हा एकच उपाय समाजाकडे आहे असं आपण समजू लागलो की घरी, मित्रांत, नात्यांत जे बोलायचं ते बोलणं आपण टाळतो.

हे पुस्तक या रेषांचा निकाल लावत नाही. वकील, समुपदेशक, कायद्याचे शिक्षक आणि काही तरुण लेखक यांनी आपापल्या कामाच्या जागेवरून लिहिलं आहे आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. पोलीस ठाण्यात जबाब कसा लिहिला जातो, फिर्यादीच्या तोंडी न आलेली वाक्यं त्यात कशी शिरतात, समुपदेशनाच्या खोलीत मुली आधी काय विचारतात, निकालपत्रातली 'शिकलेली' आणि 'सज्ञान' ही विशेषणं नेमकी कुणाविरुद्ध वापरली जातात, असे तपशील या लेखांत आहेत आणि ते मराठीत एकत्र पहिल्यांदाच येत असावेत. दोन गोष्टी जाणूनबुजून बाजूला ठेवल्या. लग्नातला बलात्कार, कारण न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद उठेपर्यंत नवऱ्यानं दडवलेल्या कशाचाच प्रश्न या कलमाखाली उभा राहत नाही, आणि तो विषय स्वतंत्र पुस्तक मागतो. दुसरं, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंध आणि पोक्सो कायदा. त्यात वयाचाच प्रश्न मुख्य आहे. पुरुषाची किंवा समलिंगी जोडीदाराची फसवणूक यावर मात्र एक दीर्घ लेख आहे, कारण कलम ६९ फक्त स्त्रीचा विचार करतं आणि फसवणूक तसा भेद करत नाही.

कलम ६९ खालचे खटले आता आपल्या सत्र न्यायालयांत उभे राहत आहेत. पुढच्या काही वर्षांत उच्च न्यायालयं 'कपट' आणि 'ओळख' या शब्दांना जो अर्थ देतील तो पुढच्या पिढीला पुरेल. त्याआधी वकिलांनी, न्यायाधीशांनी, पोलीस प्रशिक्षण केंद्रांतल्या शिक्षकांनी आणि ज्यांच्या घरात विशीतली मुलंमुली आहेत अशा आईबापांनी हे लेख वाचावेत. पटलं नाही तर त्यावर भांडावं. आणि हाती असलेल्या खटल्यात फिर्यादीला लग्न कधी ठरलं होतं हे विचारण्याआधी, तिला काय माहीत होतं आणि काय माहीत असायला हवं होतं, हे विचारावं.